व्हर्डेल पेटिसचं मत

व्हर्डेल पेटिसचा फोन नंबर ऑरेंज माउंड वस्तीतल्या निम्म्या पोरापोरींना पाठ होता, पण त्याच्याशी बोलावं म्हणून फोन करणारं त्यांच्यात कुणीच नव्हतं. सगळ्यांना हवं असायचं ते त्याच्या फोनला जोडलेलं मशीन.

मेम्फिसमध्ये लामार रस्त्यावरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तो एकोणीस वर्षं पँटींना इस्त्री करत आला होता. पायाखालचा दांडा दाबला की वाफेच्या प्रेसचा वरचा जबडा खाली यायचा, फुस्स करून वाफ सुटायची आणि व्हर्डेल त्या ढगात दिसेनासा व्हायचा. उंच माणूस, खांद्यात जरा वाकलेला, पंचेचाळिशीला आलेला. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. आणि तोंडाला जणू कुलूप. काउंटरवर बसणाऱ्या मिस विलोडीन गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आत दोन यंत्रं आहेत. एकातून वाफ तरी निघते."

त्याची बायको अर्नेस्टीन एक्क्याण्णव सालच्या ऑगस्टात बारा वर्षांच्या लट्रीसला घेऊन मिलवॉकीला बहिणीकडे गेली, ती तिकडचीच झाली. भांडण असं काही झालंच नव्हतं. निघताना दारात ती एवढंच म्हणाली, "भांडायलासुद्धा दोन माणसं लागतात, व्हर्डेल. या घरात मी एकटीच आहे." त्याने तिची बॅग उचलून गाडीत ठेवली. त्या क्षणी काहीतरी बोलायला हवं होतं हे त्याला कळत होतं. काय, ते त्याला गाडी वळून गेल्यावरही सुचलं नाही.

त्यानंतर दर रविवारी चार वाजता लट्रीसचा फोन यायचा.

"शाळा कशी चाललीय?"

"ठीक."

"जेवलीस?"

"हो."

"आई बरी आहे?"

"हो."

मग दोघंही तारेतली खरखर ऐकत बसायची. अशी दोन वर्षं गेली. एका रविवारी तिच्या मागे काहीतरी धडाधडा वाजत होतं.

"काय लावलंयस ते?"

"तुला नाही कळणार, डॅडी. रॅप आहे."

व्हर्डेल वाढला तो ऑर्गन आणि पितळी वाद्यांच्या गाण्यांवर. रॅप म्हणजे त्याच्या लेखी कुणीतरी भांडी घासता घासता शेजारणीच्या नावाने बडबडतंय, एवढंच. पण 'तुला नाही कळणार' हे त्याला लागलं. शनिवारी काम सुटल्यावर तो पार्क अव्हेन्यूवरच्या डूलीच्या दुकानात गेला. डूली गाड्यांमध्ये स्पीकर बसवून द्यायचा, आणि गल्लोगल्लीची पोरं घरच्या घरी भरलेल्या टेपा त्याच्याच काउंटरवर विकायला ठेवायची. मोठ्या दुकानांत त्या मिळत नसत.

"कुणासाठी?" डूलीने विचारलं.

"माझ्यासाठी."

डूलीने त्याच्या पँटीच्या कडक घडीकडे पाहिलं. "तब्येत बरी आहे ना?"

टेपेचं नाव होतं 'काळ्या काचा'. दोन भावांनी मिळून केलेली. व्हर्डेल स्वयंपाकघरात बसला, ग्लासभर ताकात मक्याची भाकरी कुस्करली आणि चमच्याने खात टेप ऐकली. काही कळलं नाही. पुन्हा लावली. चौथ्या खेपेला त्याला काहीतरी ऐकू आलं.

रविवारी तो लट्रीसला म्हणाला, "ती 'काळ्या काचा' ऐकली. आवाज कपाटात उभं राहून भरलाय त्यांनी. आत कोट टांगलेले आहेत. लोकरीचे."

"कोट कसे ऐकू येतील?"

"मी दिवसभर कोटांतच असतो, बाळा. कोट आवाज पितात."

लट्रीस हसली. किती तरी दिवसांनी. "आणखी?"

"धाकटा चांगला बोलतो, पण थोरल्याच्या पुढे जायला घाबरतो. तिसऱ्या गाण्यात थोरल्याला खोकला येतो आणि धाकट्याला चार ओळी एकट्याला मिळतात. टेपेत तेवढंच खरं सोनं आहे. बाकी ड्रम असा, की रिकाम्या घराचं दार कुणीतरी वाजवतंय."

त्या दिवशी ती दहा मिनिटं बोलली. व्हर्डेलने फोन ठेवला तेव्हा त्याचा कान गरम झाला होता.

मग हा नेमच झाला. शनिवारी टेप घ्यायची, चार वेळा ऐकायची, रविवारी मत सांगायचं. पुढे लट्रीसला चपलांच्या दुकानात रविवारचं काम लागलं आणि चारची वेळ हुकू लागली. म्हणून व्हर्डेलने आन्सरिंग मशीन घेतलं, भरून ठेवलेलं ऐकवणारं आणि निरोप घेणारं. "तुला वेळ होईल तेव्हा फोन कर," त्याने तिला सांगितलं. "मत त्यात भरून ठेवीन. मी घरी असलो तरी आधी मशीनच बोलेल, म्हणजे तुझं ऐकून होईल. मग तुला वाटलं तर बोल."

पहिले काही आठवडे कामावरून घरी आल्यावर मशीनवर तिचा आवाज सापडायचा. "ऐकलं. साफ चुकलास. बाय." नाहीतर, "कोटवाल्यांची दुसरी टेप आलीय, घे." हळूहळू हे निरोप तोकडे होत गेले. नंतर नुसतं 'खट्' व्हायचं. कुणीतरी फोन केलाय, ऐकलंय आणि ठेवलाय.

तेवढ्यात डूलीला या मशीनचा पत्ता लागला. त्याने सहज फोन करून पाहिला, पोट धरून हसला, आणि एका पुठ्ठ्यावर तो नंबर लिहून काउंटरमागे टांगला. वर लिहिलं : 'टेप घेण्याआधी या माणसाला विचारा.' झालं. संध्याकाळी व्हर्डेल घरी यायचा तेव्हा मशीनवरचा लाल आकडा कधी सतरा दाखवायचा, कधी तीस. सगळं नुसतं खट् खट्. निरोप कुणाचाच नाही.

तरी तो सगळं शेवटपर्यंत ऐकायचा. खुर्ची ओढून, डोकं मशीनला जवळजवळ टेकवून. ठेवण्याआधीच्या त्या अर्ध्या क्षणात मागचं काही ऐकू येतं का, ते पाहायचा. कुठे कुत्रं भुंकायचं, कुठे टीव्ही चालू असायचा, कुणीतरी श्वास घ्यायचं. एका खट्च्या आधी बर्फ खरवडल्यासारखा आवाज आला, आणि मेम्फिसला तर बर्फ पडला नव्हता; पडला असेल तर मिलवॉकीत. तो निरोप त्याने आठवडाभर पुसला नाही. रोज संध्याकाळी तो एकदा लावायचा.

लट्रीस ऐकत असेल, हे धरूनच तो मत भरायचा. त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. बोलताना तो उभा राहायचा, गळ्याचं बटण लावायचा.

"पेटिस बोलतोय. या आठवड्यात मिस डेल्टीन यांची 'दोन्ही हातांत पिशव्या'. या बाई ओरडत नाहीत. ठेका पुढे निघून जातो आणि त्या मागून सावकाश येतात. बस आपल्यासाठी थांबणार हे ठाऊक असलेली बाई चालते ना, तशा. पहिली बाजू पूर्ण ऐका. दुसऱ्या बाजूला दिराचं एक गाणं घातलंय, ते दिराच्या भिडेखातर घातलेलं कळतं. ते सोडून द्या."

एका मोठ्या कंपनीच्या, चकचकीत वेष्टनात आलेल्या अल्बमबद्दल तो म्हणाला, "सगळं झकास आहे. एक सुरकुती नाही. पण पँट इतकी दाबलीय, की आत गुडघा होता असं वाटतच नाही. पाहुण्यांसमोर लावा. एकट्याने ऐकू नका."

ते ऐकून डूली म्हणाला, "अरे, कंपनीचा माणूस इथे येऊन गेला. तू त्याच्या अल्बमला पँट म्हणालास म्हणे."

"चांगली पँट म्हणालो."

पंच्याण्णवच्या जुलैत ह्यूस्टनहून एक मिक्सटेप आली. तिकडे गाणी मुद्दाम मंद करून भरायची रीत होती. सूर जडावलेला, शब्द मधासारखा ओघळणारा. व्हर्डेलला आधी वाटलं, टेपरेकॉर्डरची बॅटरी संपत आली. बॅटरी बदलली, तरी तेच. रविवारची दुपार होती, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. लट्रीसचा शब्द त्याने ऐकला होता, त्याला दहा महिने झाले होते. त्याने चार वेळा टेप ऐकली आणि मशीनचं बटण दाबलं.

"पेटिस बोलतोय. ह्यूस्टनची टेप. कुणीतरी गाणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हळू चालायला लावलंय. मला आधी आवडलं नाही. मग कळलं, काही दुःखांना त्या वेगाने चालताच येत नाही. माझी मुलगी मिलवॉकीत असते. तिला ही टेप आवडली असती. ती हल्ली फोन करत नाही." इथे तो थांबला. पंख्याचा आवाज आला. "असो. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं ऐका."

पुसून पुन्हा भरावं असं त्याच्या मनात आलं होतं. मग वाटलं, ऐकेल तर ऐकेल. त्या आठवड्यात लाल आकडा चाळीसवर गेला. सगळं खट् खट्. बर्फाचा आवाज एकाही खट्मागे नव्हता, आणि जुलैत असणार तरी कसा.

त्या शरद ऋतूत 'नदीचा राजा' नावाची टेप डूलीकडे आली. करणाऱ्याने नदीकाठच्या विषारी सापाचं, कॉटनमाउथचं, नाव स्वतःला घेतलं होतं. व्हर्डेलने मत दिलं : "ह्या मुलाने दोन्ही बाजू मिळून अकरा वेळा सांगितलंय की तो कुणाला भीत नाही. मी मोजलं. न भिणारा माणूस एवढं सांगत बसत नाही. पाचव्या गाण्यात त्याला चुकून हसू फुटतं आणि ते पुसायचं राहून गेलंय. तो मुलगा कोण आहे हे मला ऐकायला आवडेल. बाकी टेप घेऊ नका."

दोन रविवारांनंतर दुपारी एक गाडी दारात येऊन थांबली. तिच्या ठेक्याने स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरल्या. दारावर थाप पडली. बाहेर बाविशीचा, रुंद खांद्यांचा मुलगा उभा होता.

"पेटिस कुठेय?"

"मीच."

"तुम्ही नाही हो. तो फोनवाला."

"मीच तो."

मुलाने त्याला खालून वर न्याहाळलं. "तुम्ही? तुम्ही तर माझ्या आजीच्या चर्चमध्ये दारात उभे राहून कागदी हातपंखे वाटणाऱ्यांपैकी दिसता."

"तू कॉटनमाउथ."

"माझी टेप डूलीकडे पडून आहे, काका. 'अकरा वेळा' म्हणून पोरं रस्त्यात चिडवतात मला. माझी आजीसुद्धा म्हणाली, अकरा वेळा."

"खरं नाव काय?"

मुलगा घुटमळला. "ऑक्टेव्हियस."

"जेवलास, ऑक्टेव्हियस?"

चुलीवर डुकराच्या मानेची हाडं आणि पालेभाजी शिजत होती. मुलगा रागातच बसला आणि रागातच दोन ताटं जेवला. मग म्हणाला, "बरं, मग मी काय म्हणायला हवं होतं?"

"कुणाला भितोस ते सांग."

"कुणालाच नाही."

"बारा झाले."

ऑक्टेव्हियसने हाड चोखून ताटात ठेवलं. मग खाली बघून म्हणाला, "आजीला."

"हां. आता ऐकावंसं वाटतंय."

तो हसला, आणि ते हसू टेपेतलंच होतं.

त्यानंतर दर रविवारी ऑक्टेव्हियस येऊ लागला. आठवडाभर गोदामात पार्सलं चढवायचा आणि रात्री लिहिलेलं रविवारी व्हर्डेलला वाचून दाखवायचा. व्हर्डेल फारसं बोलायचा नाही. कुठे नुसतं नाक वाकडं करायचा, कुठे "ते पुन्हा म्हण" म्हणायचा. चार वाजता त्याचे डोळे सवयीने फोनकडे जायचे. ऑक्टेव्हियसच्या ते लक्षात आलं असावं, पण त्याने कधी विचारलं नाही. दुकानात मिस विलोडीनच्याही काहीतरी ध्यानात आलं. "काय रे, हल्ली रविवारची कांती दिसते तुझ्या तोंडावर. कोण बाई आहे?"

"मुलगा आहे एक. रॅप करतो."

"देवा," मिस विलोडीन म्हणाल्या. "मला बाईच बरी वाटली असती."

वसंतात टेप तयार झाली. नाव : 'कुणाला भितो ते सांगतो'. ऑक्टेव्हियसने विचारलं, "काका, सुरुवातीला तुमचा आवाज घालू? ते 'अकरा वेळा' वालं. मी तुमची सगळ्या आठवड्यांची मतं फोनवरून भरून ठेवलीत."

"घाल की. मतं फुकटच तर वाटतो मी."

शुक्रवारी काम सुटल्यावर व्हर्डेलने टेप लावली. सुरुवातीलाच त्याचा स्वतःचा आवाज आला, "ह्या मुलाने अकरा वेळा सांगितलंय...", आणि तो एकटाच मान हलवत हसला. मग आजीचं गाणं आलं. मग गोदामाचं. पोरगं खरंच कुठल्या कुठे गेलं होतं. शेवटचं गाणं बापाचं होतं. येतो म्हणून सांगून न आलेला बाप, आणि पायरीवर बूट घालून बसलेला मुलगा. ड्रम मंद होत गेला आणि त्यावर एक जडावलेला, ओढलेला आवाज आला. माझी मुलगी मिलवॉकीत असते. ती हल्ली फोन करत नाही. पंख्याची घरघर. ती हल्ली फोन करत नाही. तीनदा. टेप संपली.

समोरच्या ताकातल्या भाकरीचा भिजून लगदा झाला. मग सवयीप्रमाणे त्याने टेप पुन्हा लावली, आणि पुन्हा, चार खेपा पुऱ्या होईपर्यंत. कुठे खोट सापडली असती तर बरं झालं असतं. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी तो डूलीच्या दुकानात गेला. ऑक्टेव्हियस टेपांची खोकी उतरवत होता.

"मला विचारायचं होतंस," व्हर्डेल म्हणाला.

"विचारलं ना."

"त्याचं नाही. शेवटचं."

ऑक्टेव्हियसने खोकं खाली ठेवलं. "विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"हो."

"काका, तुम्हीच सांगितलंत ना, चुकून खरं निघतं ते पुसू नको. तुमच्या सगळ्या मतांत तेवढंच चुकून निघालं होतं."

डूली काउंटरमागे नसलेली धूळ पुसत राहिला.

त्या रविवारी ऑक्टेव्हियस आला नाही. व्हर्डेल उभा राहिला, गळ्याचं बटण लावलं आणि मत भरलं : "पेटिस बोलतोय. 'कुणाला भितो ते सांगतो'. या वर्षातली सगळ्यांत चांगली टेप. शेवटचं गाणं सगळ्यांत चांगलं. मी ते पुन्हा ऐकणार नाही. तुम्ही ऐका."

टेप हातोहात खपली. लोकांच्या गाड्यांतून ती सेंट लुइसला गेली, शिकागोला गेली. आणि मशीनवर कधी नव्हे ते निरोप येऊ लागले. इतके दिवस खट् करून ठेवणारी माणसं बोलायला लागली. एक पोरगा म्हणाला, "काका, करेल ती फोन. माझी बहीण पण अशीच होती." एक बाई नुसतं "देव तुमचं भलं करो" म्हणून रडली. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या मुलाची सगळी कर्मकहाणी मशीनची टेप संपेपर्यंत सांगितली. सेहेचाळीस निरोप. व्हर्डेल खुर्ची ओढून एकेक ऐकत होता आणि आपल्याला कुणीतरी भर रस्त्यात बनियनवर उभं केलंय असं त्याला वाटत होतं. ज्या आवाजासाठी तो कान लावून बसला होता, तो त्या सेहेचाळिसांत नव्हता.

तो आला मे महिन्यात, शनिवारी दुपारी. फोन वाजला, मशीन बोललं, बीप झाली.

"डॅडी, उचल. घरी आहेस मला माहितेय."

त्याने उचलेपर्यंत हातातला कप पडला.

"लट्रीस?"

"मैत्रिणीच्या भावाची गाडी होती. चौघं होतो आम्ही. आणि टेपेतून तुझा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, बिचारा म्हातारा. मैत्रीण म्हणाली, कसली दगडाची पोरगी असेल ती. आणि मी काय केलं माहितेय? मान डोलावली."

"मी त्याला घालायला सांगितलं नव्हतं."

"पण मशीनला सांगितलंस! सगळ्या मेम्फिसला सांगितलंस. मला एक फोन करून नाही सांगितलंस. तुझ्याकडे नंबर होता ना माझा?"

होता. भिंतीवरच लिहिलेला होता. या पाच वर्षांत त्याने तो एकदाही फिरवला नव्हता. फोन लट्रीसने करायचा आणि आपण वाट पाहायची, असं त्याच्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलं होतं.

"मला वाटलं, तू ऐकतेस," तो म्हणाला. "न बोलता ठेवणाऱ्यांत तू असशील."

"दीड वर्ष झालं, मी फोन केलेला नाही. एकदासुद्धा नाही." तिचा आवाज खाली आला. "मी रॅप ऐकणं कधीच सोडलं, डॅडी. तू टेपांबद्दल किती छान बोलायचास. मला वाटायचं, माझ्याबद्दल काहीतरी विचारशील. मग वाटलं, ह्याला टेपाच आवडतात."

बर्फाचा तो आवाजही तिचा नव्हता तर. कुणाचा कोण जाणे. बहुतेक कुणीतरी ताटली खरवडत असेल.

"मला टेपा आवडत नव्हत्या," व्हर्डेल म्हणाला. "सुरुवातीला."

"मग?"

"तू हसली होतीस."

लट्रीस म्हणाली, "मला कामावर जायचंय." आणि ठेवून दिला. ती अकरा मिनिटं बोलली होती.

त्या संध्याकाळी त्याने मशीनवरचं मत पुसलं आणि नुसतं नाव भरलं. डूलीने पुठ्ठा उतरवला, पण कुरकुरत. "गिऱ्हाईक आता कुणाला विचारणार?"

"कान आहेत त्यांना," व्हर्डेल म्हणाला.

ऑक्टेव्हियस पुढे अटलांटाला गेला. जाण्याआधी एकदा दारात गाडी थांबवून उभा होता, इंजिन चालू, आवाज बंद. व्हर्डेलने खिडकीतून पाहिलं. बाहेर जाऊन "जेवलास का" म्हणावं असं त्याला वाटत होतं. तो उठेपर्यंत गाडी निघून गेली.

पुढच्या रविवारी चार वाजता त्याने मिलवॉकीचा नंबर स्वतः फिरवला. अर्नेस्टीनने उचलला. "तू?" ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "थांब, बोलावते." तेव्हापासून तो दर रविवारी फोन करू लागला. लट्रीस कधी असायची, कधी नसायची. असली तर तो एक प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवायचा आणि तो विचारायचा. 'दुकानात सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक कोण?' 'रात्री झोप लागते का?' उत्तर आलं की पुढे काय बोलायचं हे त्याला अजूनही कळायचं नाही.

नोव्हेंबरात तो रात्रभराचा बसप्रवास करून मिलवॉकीला गेला. लट्रीस बसस्टँडजवळच्या खाणावळीत भेटली. सतरा वर्षांची, आईसारखी हनुवटी, केस छोटे कापलेले. चालत आली तेव्हा त्याने तिला ओळखलं नाही, तिने त्याला ओळखलं. दोघांनी तळलेले मासे मागवले. खिडकीबाहेर बारीक बर्फ पडत होता.

"मला एक सांग," ती म्हणाली, "तू दिवसभर करतोस काय? म्हणजे नेमकं काय? मला कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही."

त्याने हातरुमाल काढून टेबलावर पसरला आणि पँटीची घडी कशी धरायची ते दाखवलं. आधी आतली शिवण जुळवायची, मग वाफ, मग हवा ओढून घ्यायची, मगच दाब. घाई केली की दोन घड्या पडतात आणि दुसरी कधी जात नाही. लोकरीला वाफ सोसते, रेशमाला नाही. तो बोलत राहिला. मासे गार झाले. लट्रीस हनुवटी तळव्यावर टेकून ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "भाजतं?" तो म्हणाला, "रोज." तिने त्याच्या मनगटावरच्या डागावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

मग तिने घड्याळ पाहिलं. तिची कामावर जायची वेळ झाली होती. दारात तिने त्याला एका हाताने घट्ट धरलं, दुसऱ्या हातात पिशवी होती. ती गावातल्या बसमध्ये चढली. काचा वाफेने धुरकटलेल्या असल्यामुळे ती कुठल्या खिडकीशी बसली ते त्याला दिसलं नाही. त्याने सगळ्याच खिडक्यांकडे बघून हात हलवला.

मेम्फिसच्या गाडीला अजून तीन तास होते. तो आत येऊन बाकावर बसला.

आता तिचा फोन महिन्यातून एखादा येतो, कधी दोन महिन्यांतून. बाकीच्या रविवारी फोन तो करतो. टेपा तो अजूनही घेतो, चार वेळा ऐकतो. एकदा दुकानात प्रेस बंद करताना तो मिस विलोडीनना सांगायला लागला, "ती नवीन टेप आहे ना, तिचा ड्रम..." मिस विलोडीन म्हणाल्या, "व्हर्डेल, मला संध्याकाळी चर्चमध्ये गाणं आहे, माझे कान खराब करू नकोस." त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं.

जुना नंबर पाठ असलेलं एखादं पोर अधूनमधून फोन करतंच. आता तो पहिल्या घंटीलाच उचलतो.

"ते टेपवाले काका आहेत का?" परवा एका मुलीने विचारलं.

"ते आता मत देत नाहीत, बाळा."

"का?"

"माहीत नाही. तू कुठली घ्यावी म्हणत होतीस?"

पण तिने त्याआधीच फोन ठेवला होता.